शाळेचं अ‍ॅप, वर्गाचा ग्रुप आणि घरातला फोन: नव्या पालकांसाठी

मागच्या वर्षी जूनमधली गोष्ट. रात्री नऊ चाळीसला शाळेच्या अ‍ॅपवर सूचना आली: ‘उद्या आकाशी चार्ट पेपर, लोकर आणि गोंद आणणे.’ मी ऐरोलीत आमच्या सेक्टरातल्या स्टेशनरीवाल्याकडे धावले, तर शटर अर्धं खाली. वाकून हाक मारली. आतून काका म्हणाले, “आकाशी संपला. तुमच्या आधी सहा जण येऊन गेले. पिवळा आहे, देऊ?” दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गात बऱ्याच मुलांचं आकाश पिवळं होतं.

त्याच वर्षी शाळेत अ‍ॅप आलं, वर्गात स्मार्टबोर्ड लागला आणि थोरल्याच्या सातवीला टॅब आला. मी आधी सगळ्यालाच विरोध केला, मग कंटाळून सगळ्यालाच हो म्हटलं, आणि दोन्ही वेळा फसले. नंतर पालक-शिक्षक संघात दोन पैशांचं शहाणपण आलं. ‘मोबाईल चांगला की वाईट’ या वादाला अंत नाही. त्यापेक्षा एकेक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, हिचं काम काय, आणि ते काम कागदावर जास्त बरं होतं का? यंदा ज्यांची मुलं नव्या शाळेत जातायत, त्यांच्यासाठी हे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे.

सुरुवातीला हाताशी ठेवा

- एक दोनशे पानी वही (हसू नका, पुढे कळेल)
- मुलाचं आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स
- शाळेने सही करायला दिलेल्या प्रत्येक संमतीपत्राचा फोटो, सही करण्याआधी आणि केल्यानंतर
- फीची पावती, त्यातल्या रकमांच्या विगतवारीसकट
- फक्त शाळेसाठी काढलेलं एक वेगळं ईमेल खातं. ऑफिसचं किंवा बँकेला जोडलेलं देऊ नका.

१. आधी यादी करा

वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा: वस्तू, काम, कोणती माहिती घेते, बंद केली तर काय अडेल. आमच्या दोन मुलांची यादी नऊ ओळींची झाली. शाळेचं अ‍ॅप, फी भरायचं वेगळं पोर्टल, दोन वर्गांचे दोन ग्रुप, व्हॅनवाल्या काकांचा ग्रुप, टॅबमधलं अभ्यासाचं अ‍ॅप, बसचा जीपीएस (थोरला बसने जातो), स्मार्टबोर्ड, आणि कुठल्याशा स्पेलिंग स्पर्धेचं अ‍ॅप, ज्याची स्पर्धा दोन वर्षांपूर्वीच संपली होती. त्या अ‍ॅपला माझ्या फोनमधले सगळे संपर्क आणि लोकेशन बघायची परवानगी अजून होती.

शेवटचा रकाना भरताना खरं काय ते कळतं. जीपीएस बंद झाला तर पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रोडवर बस अडकली की माझा जीव टांगणीला लागतो, म्हणजे तो हवा. स्पेलिंगवालं अ‍ॅप काढलं तर काहीच अडत नाही. आमच्या नऊपैकी तीन वस्तू पहिल्याच दिवशी गेल्या.

२. शाळेला प्रश्न विचारा, पण लेखी

पालकसभेत हात वर करून विचारलं की उत्तर गोड मिळतं आणि दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. म्हणून पत्र द्या आणि ऑफिसात पोच घ्या. मी हे विचारलं होतं:

- मुलांची माहिती शाळेकडे राहते की अ‍ॅपवाल्या कंपनीकडे? मूल शाळा सोडून गेलं की ती पुसतात का?
- टॅब घेणं सक्तीचं आहे का? नसेल तर टॅब नसलेल्या मुलाने त्या तासाला काय करायचं?
- टॅब बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा?
- कोणत्या विषयाला रोज किती वेळ स्क्रीन?
- मुलांचे फोटो कुठे टाकले जातात?
- सीसीटीव्हीचं चित्रण किती दिवस ठेवतात आणि ते कोण बघतं?

शेवटचा प्रश्न आपल्या ठाणे जिल्ह्यात कुणी हलका घेणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली आणि त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. पण कॅमेरा भिंतीवर असणं आणि तो चालू असणं यात फरक आहे. ‘चालू आहे का’ हे विचारायला लाजू नका.

पत्राला वजन यावं म्हणून दोन कायदे माहीत असू द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे. मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी आणि मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवू नयेत, अशी त्यात तरतूद आहे; ती टप्प्याटप्प्याने लागू होते आहे. दुसरा आपल्या राज्याचा २०११ चा फी नियमन कायदा. त्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा, आणि त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेतून एक पालक सोडतीने निवडला जातो. फीवाढीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने याच समितीपुढे ठेवायचा असतो. ‘डिजिटल शुल्क’ नावाची नवी ओळ पावतीवर दिसली तर जाब तिथे मागायचा. सोडतीत नाव टाकायचं मात्र विसरू नका. मी ‘कोण जातंय’ म्हणत पहिलं वर्ष घालवलं.

सापळा: शाळेत वाटलेला ‘मोफत गुणवत्ता चाचणी’चा फॉर्म. त्यावर मोबाईल नंबर लिहिलात की आठवड्याभरात फोन सुरू: “मॅडम, तुमचा मुलगा फारच हुशार आहे, तीन वर्षांचा कोर्स हप्त्यांवर देतो.” आमच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने होकार दिला. ते हप्ते म्हणजे चक्क कर्ज होतं, हे त्यांना बँकेतून पैसे कापले गेल्यावर कळलं. चाचणी द्यायचीच असेल तर नंबरचा रकाना कोरा सोडा.

३. अपारचा फॉर्म

वर्षाच्या सुरुवातीला शाळा ‘अपार आयडी’चं संमतीपत्र पाठवते. हा विद्यार्थ्याचा बारा अंकी कायमचा क्रमांक. तो आधारच्या आधारे तयार होतो आणि मुलाच्या गुणपत्रिका, प्रमाणपत्रं डिजिलॉकरमधून त्याला जोडली जातात. शाळा किंवा बोर्ड बदलताना त्याचा उपयोग आहे. तो ऐच्छिक आहे, म्हणून तर संमती मागतात, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. ‘उद्याच्या उद्या सही, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही’ असं कुणी म्हटलं तर ते लेखी द्यायला सांगा.

आपल्याकडची खरी अडचण नावाची. शाळेच्या जनरल रजिस्टरला आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं अक्षर. मग नोंद जुळत नाही. आमच्या लेकीच्या आधारवर ‘श्रावणी’चं स्पेलिंग एका ‘ए’ने जास्त होतं, तेवढ्यासाठी तीन चकरा झाल्या. आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा, मग सही करा. मुलाच्या आधारचं बायोमेट्रिक पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करायचं असतं, तेही याच वेळी उरकून घ्या.

४. घरातला फोन आणि टॅब नीट लावा

इथे फार पाल्हाळ लावत नाही, एक रविवार पुरतो.

- मुलाला तुमच्या खात्यावर बसवू नका. त्याच्या वयाचं खातं काढून गूगल फॅमिली लिंकने तुमच्या फोनला जोडा. रोजची वेळ, झोपेची वेळ आणि नवीन अ‍ॅपची मंजुरी तुमच्या हातात राहते.
- तुमचाच फोन द्यावा लागत असेल तर यूपीआयच्या अ‍ॅपला वेगळं कुलूप लावा. मुलांना पिन कळतो. विचारून नाही, बघून.
- यूट्यूबचा ऑटोप्ले बंद, रिस्ट्रिक्टेड मोड चालू.
- प्रत्येक अ‍ॅपच्या परवानग्या तपासा. पाढे शिकवणाऱ्या अ‍ॅपला माइक कशाला लागतो?
- चार्जर हॉलमध्ये. बेडरूममध्ये एकही नाही, मोठ्यांचाही नाही. आमच्याकडे या नियमाला सर्वात जास्त विरोध माझ्या नवऱ्याने केला.

वेळेचं म्हणाल तर बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचा सल्ला असा: दोन वर्षांखाली स्क्रीन नाहीच, दोन ते पाच वयात जास्तीत जास्त एक तास आणि तोही कुणी शेजारी बसून, पाच ते दहामध्ये दोन तासांच्या आत. यात शाळेतलाही वेळ धरा, तो आपण नेहमी विसरतो. २०२० मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन वर्गांसाठी ‘प्रज्ञाता’ सूचना काढल्या होत्या. शाळा बंद असतानाही त्यात पहिली ते आठवीला दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती. मुख्याध्यापकांशी बोलताना हे उपयोगी पडतं.

डोळ्यांसाठी वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उन्हाच्या वेळी घराबाहेर असणं. रोज बाहेर खेळणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याची शक्यता कमी असते. आम्ही रविवारी सकाळी खाडीकडे जातो, हंगामात फ्लेमिंगो असतात. तेवढा वेळ टॅब कुठे आहे हे कुणी विचारत नाही.

५. वर्गाच्या ग्रुपला शिस्त लावा

पहिल्याच आठवड्यात हे ठरलं नाही तर वर्षभर ठरत नाही. शाळेच्या सूचनांचा ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ असा करून घ्या. पालकांच्या गप्पांचा वेगळा असू दे, सुप्रभात तिकडे. मुलांचे नंबर कुठल्याच ग्रुपमध्ये नकोत. व्हॉट्सअ‍ॅपची स्वतःचीच अट तेरा वर्षांची आहे.

फोटोंचं थोडं सविस्तर सांगते. आषाढीला शाळेत दिंडी निघाली. विठोबा झालेल्या मुलाशेजारी टाळ घेऊन माझी लेक, कपाळाला बुक्का, गळ्यात आयकार्ड. फोटो शाळेच्या फेसबुक पानावर आला, मी कौतुकाने सासूबाईंना दाखवायला दोन बोटांनी मोठा केला. आयकार्डावरचं नाव, इमारत, फ्लॅट नंबर, माझा मोबाईल, रक्तगट, सगळं वाचता येत होतं. पान जगाला उघडं. सासूबाईच म्हणाल्या, “म्हणजे ही कुठे राहते ते कुणालाही कळणार की!” मी वर्गशिक्षिकेला फोन केला, तासाभरात फोटो उतरला. तेव्हापासून फोटोआधी मिस सगळ्यांना आयकार्ड उलटं करायला लावतात. काडीचाही खर्च नाही. तुमच्या शाळेला हे एवढं तरी सांगाच.

सापळा: ग्रुपवर ‘फी पावती’, ‘निकाल’ अशा नावाची एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी. पाठवणारा ओळखीचा पालक असतो, कारण त्याचाच फोन हॅक झालेला असतो. शाळेची पावती पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. उघडू नका, त्या पालकाला फोन करून सांगा.

६. गृहपाठ कागदावर परत आणा

आता ती दोनशे पानी वही. मला कुणी एकच बदल करायला सांगितला तर मी हाच करीन.

गृहपाठ अ‍ॅपवर यायला लागला तेव्हा पालकांना बरं वाटलं. ‘आज काय दिलं’ हे पोराकडून काढून घ्यायला नको. महिनाभरात तीन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, मुलांनी वर्गात ऐकणंच सोडलं: “मम्मीच्या फोनवर येईल ना.” दुसरी, गृहपाठ बघायला फोन हातात गेला की पंधरा मिनिटांनी तोच हात क्रिकेटच्या रील्सवर सापडायचा. तिसरी, ज्या घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर रात्री दहापर्यंत कामावर, त्या मुलाचा अभ्यास दहानंतर सुरू. आमच्या लेकीच्या वर्गात अशी चार मुलं होती. ती ‘आळशी’ ठरत होती.

आम्ही सात पालकांनी पत्र दिलं. मागणी अगदी साधी: गृहपाठ शाळेतच फळ्यावर लिहावा, मुलांनी तो वहीत उतरवावा, मिसनी कोपऱ्यात सही करावी. अ‍ॅपवर फक्त सुट्टी, फी आणि बसच्या सूचना, त्याही संध्याकाळी सहाच्या आत. उत्तर आलं, “आता जगात सगळीकडे डिजिटलच चाललंय.” तसं ते चाललेलं नाही. स्वीडनसारख्या देशाने २०२३ मध्ये छापील पुस्तकं शाळेत परत आणायला सरकारी पैसा काढला, आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरायचं हा प्रश्न जगापुढे ठेवला. हे दोन मुद्दे पत्राला जोडले. तरीही काम झालं ते मिसनीच ‘बरं होईल हो, मलाही रात्री टाइप करत बसावं लागतं’ असं मीटिंगमध्ये म्हटल्यावर. शिक्षकांना आधी विश्वासात घ्या. त्यांच्यावरही हे वरून आलेलं असतं.

लेकीची पहिल्या आठवड्यातली वही मी ठेवली आहे. ‘गणीत पान ३४, १ ते ५’, वेलांटी चुकलेली, खाली वाकडी रेघ. चुकली तर चुकली, तिने स्वतः लिहिलं होतं.

७. फायद्याचं ते सोडू नका

वर वाचून मी टॅबच्या विरोधात आहे असं वाटेल, पण तसं नाही. थोरल्याला कांजिण्या झाल्या तेव्हा दोन आठवड्यांचा अभ्यास त्याच अ‍ॅपमुळे घरी पोचला. चंद्राच्या कला त्याला कळल्या त्या स्मार्टबोर्डवर. मी लिंबू आणि बॅटरी घेऊन दोनदा प्रयत्न केला होता.

बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड खरंच वापरा. ते दीक्षा या सरकारी अ‍ॅपमध्ये स्कॅन केले की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतो, फुकट. पुस्तकांत क्यूआर कोड घालण्याची कल्पना राबवून दाखवली ती सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपातही मोफत मिळतात. पुस्तक शाळेत विसरलं म्हणून रडारड होते तेव्हा आठवा.

स्मार्टबोर्डवर मिस थेट यूट्यूब लावत असतील तर व्हिडिओ आधी तपासून, दीक्षावरचा किंवा उतरवून ठेवलेला लावा, असं सुचवा. आमच्या तिसरीच्या वर्गाने फुलपाखराच्या जीवनचक्राआधी झटपट कर्जाची जाहिरात पाहिली. घरी येऊन लेक विचारते, “आई, आपल्याला कर्ज मिळेल का?”

८. एआयने लिहिलेला निबंध

थोरल्याने ‘मी पाऊस बोलतोय’ हा निबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. ‘मी निसर्गाचा अविभाज्य घटक आहे’ हे वाक्य वाचून बाईंनी त्याला उभं केलं आणि विचारलं, “अविभाज्य म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “ज्याला भाग जात नाही ते.” बाईंनी हसून गणितात पैकीच्या पैकी दिले आणि निबंध परत लिहायला लावला.

चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे तेरा वर्षांखाली वापर नाही आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी लागते. त्यामुळे सातवीतल्याने वापरायचं तर माझ्या खात्यावर, मी शेजारी असताना. आमचा घरचा नियम: आधी स्वतःचा कच्चा निबंध कागदावर, मग हवं तर त्याला ‘यात काय राहिलं’ विचारायचं. उत्तरातली माहिती पुस्तकात सापडली तरच घ्यायची, कारण ते अगदी ठामपणे चुकीचं सांगतं. मुलाचं नाव, शाळा, फोटो त्यात टाकायचे नाहीत.

९. गडबड झालीच तर

मुलावर ओरडू नका. फोन काढून घेतला जाईल या भीतीने मुलं सांगत नाहीत, आणि तिथेच खरं नुकसान होतं. मग याच क्रमाने:

- मेसेज पुसू नका. नंबर, लिंक, तारीख, वेळ वहीत लिहा, स्क्रीनशॉट घ्या.
- पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.
- इतर तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात. मूल संकटात असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास.
- वर्गातल्याच मुलांमध्ये चिडवाचिडवी असेल तर आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापकांना लेखी. समोरच्या पालकांना ग्रुपवर गाठू नका.

सापळा: एखाद्या मुलाचा अश्लील फोटो फिरत असल्याचं कळलं तर ‘पुरावा’ म्हणून तो कुणालाही पाठवू नका, त्याचा स्क्रीनशॉटही घेऊन ठेवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाचा असा फोटो जवळ बाळगणं आणि पुढे पाठवणं, दोन्ही पॉक्सो आणि आयटी कायद्याखाली गुन्ह्यात बसतं. नंबर किंवा लिंक लिहून घ्या आणि थेट पोलिसांकडे जा.

१०. एप्रिलअखेरची झाडलोट

निकाल लागला की पहिल्या पानावरची यादी पुन्हा काढा. जुन्या वर्गाच्या ग्रुपमधून बाहेर पडा, टॅबमधल्या अ‍ॅपवरचं खातं आधी डिलीट करा आणि मग अ‍ॅप काढा. नुसतं अ‍ॅप काढून खातं जात नाही. शाळा बदलत असाल तर दाखला घेतानाच, मुलाची माहिती अ‍ॅपवरून पुसावी असं पत्र द्या आणि पोच घ्या.

व्हॅनवाल्या काकांचा ग्रुप तेवढा सोडू नका. जूनमध्ये गाडीची वेळ ते फक्त तिथेच सांगतात, तीही आदल्या रात्री अकराला.